महाविद्यालयीन शिक्षणाचे अर्थसाहाय्य : पालकांसाठी काही सूचना

आपल्या मुलाने किंवा मुलीने आपल्याहून अधिक शिकावे, आणि त्यासाठी पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी मागे हटू नये, ही भावना महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबांत इतकी खोल रुजलेली आहे की, दागिने मोडून, शेताचा तुकडा गहाण ठेवून किंवा भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम उचलून महाविद्यालयाची फी भरणारे आईबाप गावोगावी भेटतात. त्यांच्या त्यागाविषयी आदरच वाटावा. परंतु पुष्कळदा असे आढळते की, ज्या रकमेपायी दागिना मोडला गेला, तिचा निम्मा किंवा सबंध भार उचलण्याची तजवीज शासनाने आधीच करून ठेवलेली होती. ती त्या कुटुंबाच्या कामी आली नाही याचे कारण एवढेच की, एखादा दाखला वेळेवर निघाला नाही, अर्जाची मुदत टळली, किंवा प्रवेशच अशा मार्गाने घेतला गेला की त्यामुळे हक्क गमवावा लागला. म्हणून या विषयाची माहिती पालकांनी निकालानंतरच्या धावपळीत गोळा न करता मूल अकरावीत असतानाच शांतपणे करून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रारंभीच एक संकोच दूर केला पाहिजे. शिक्षणासाठी साहाय्य मागणे म्हणजे कोणापुढे हात पसरणे, अशी समजूत अनेक स्वाभिमानी माणसांच्या मनात अद्याप आहे. वार लावून जेवण्याच्या आणि माधुकरी मागून शिकण्याच्या काळात विद्यार्थ्याला दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे, हे खरे. पण त्याच महाराष्ट्रात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करून, शिकू इच्छिणाऱ्या मुलाचा निवासभोजनाचा प्रश्न ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व प्रस्थापित केले, आणि १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा व शिका या मार्गाने विद्यार्थ्याच्या श्रमाला प्रतिष्ठा देऊन त्याला मिंधेपणातून मुक्त केले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा लेखी करारही त्यांच्याकडून करून घेतला होता. साहाय्य उदार असले तरी त्याला अटी असतात आणि सही करण्यापूर्वी त्या नीट समजून घ्याव्या लागतात, हा त्या करारातील धडा आजच्या पालकांनाही उपयोगी आहे.

साहाय्याचे प्रकार

अर्थसाहाय्य या एकाच नावाखाली चार भिन्न गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ केल्याने हिशेब चुकतात. पहिली शिष्यवृत्ती, म्हणजे परत न करावयाची रक्कम. दुसरी शुल्कमाफी किंवा शुल्कप्रतिपूर्ती, जिच्यात फीचा ठरावीक भाग शासन भरते. तिसरी निर्वाहभत्ता, जो राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी असतो. आणि चौथी कर्ज, जे कितीही सवलतीचे असले तरी फेडावेच लागते. या चारही वाटांचा विचार याच क्रमाने करावा. पहिल्या तिन्हींतून जे मिळण्यासारखे आहे ते सर्व मिळविल्यावर जी तूट राहील, तेवढ्यापुरतेच कर्ज काढावे. कर्ज आधी मंजूर करून घेऊन शिष्यवृत्तीचा विचार मागाहून करणारे पालक आपल्या मुलाच्या भावी वेतनावर विनाकारण बोजा चढवितात.

खरा खर्च कसा काढावा

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात छापलेली फी म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे. शिक्षणशुल्क, विकासशुल्क, परीक्षाशुल्क, अनामत, वसतिगृह, खाणावळ, पुस्तके, प्रवास, अशी सर्व बाबींची यादी करून अभ्यासक्रमाच्या संपूर्ण कालावधीची बेरीज मांडावी, आणि मग तीतून साहाय्याची रक्कम वजा करावी. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शासनाच्या शुल्कविषयक योजना सामान्यतः शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क यांपुरत्याच असतात. विकासशुल्क, वसतिगृह आणि खाणावळ यांचा भार पालकांकडेच राहतो. 'फी माफ झाली' एवढे ऐकून निश्चिंत झालेल्या कुटुंबापुढे प्रवेशाच्या दिवशी जी मागणी येते, ती बहुधा या उरलेल्या बाबींची असते.

उदाहरणादाखल एक हिशेब करून पाहू. यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. परगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वार्षिक शिक्षणशुल्क १,००,०००, विकासशुल्क १०,०००, वसतिगृह व खाणावळ ९०,००० आणि पुस्तके व प्रवास २०,००० धरले, तर वर्षाचा खर्च २,२०,००० रुपये होतो. शिक्षणशुल्काची निम्मी सवलत मिळाल्यास १,७०,००० उरतात, म्हणजे चार वर्षांचे ६,८०,०००. आता घराजवळच्या दुसऱ्या महाविद्यालयाचे शिक्षणशुल्क १,३०,००० आणि विकासशुल्क १३,००० आहे, पण मुलगा घरीच राहणार असल्याने पुस्तके व प्रवास यांचे ३०,००० तेवढे लागतात, असे समजा. वर्षाचे १,७३,००० होतात, सवलतीचे ६५,००० वजा जाऊन १,०८,००० उरतात, आणि चार वर्षांचे ४,३२,०००. ज्याची फी अधिक दिसत होती ते महाविद्यालय दोन लाख अठ्ठेचाळीस हजारांनी स्वस्त पडले. महाविद्यालयाचा दर्जा हा स्वतंत्र आणि महत्त्वाचा विचार आहेच. पण दर्जा जवळपास सारखा असेल तेथे निर्णय या बेरीजवजाबाकीनेच व्हावा.

खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी ठरविण्यासाठी २०१५ च्या राज्य अधिनियमानुसार शुल्क नियामक प्राधिकरण काम करते, आणि देणगीच्या नावाखाली अधिक पैसे घेण्यास १९८७ च्या अधिनियमाने मनाई आहे. म्हणून मंजूर फी किती याची आधी खातरजमा करावी आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. पावतीवर शिक्षणशुल्क आणि विकासशुल्क हे वेगवेगळे लिहिलेले असावेत, असा आग्रह धरावा.

राज्य शासनाच्या प्रमुख योजना

महाराष्ट्रातील बहुतेक शासकीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरावयाचे असतात. तेथे योजनांची नावे पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही, कारण आपले कुटुंब कोणत्या प्रवर्गात आणि कोणत्या उत्पन्नमर्यादेत बसते, एवढे निश्चित झाले की आपल्या कामाच्या योजना दोन-तीनच उरतात.

ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यातील खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती योजना असून तीत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची पन्नास टक्के रक्कम मिळते. कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपर्यंतच तिचा लाभ मर्यादित आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील आठ लाखांच्या आतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हीच सवलत २०२४-२५ या वर्षापासून शंभर टक्के देण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित खाजगी विद्यापीठे मात्र या निर्णयातून वगळलेली आहेत. मुलीच्या शिक्षणाला खर्चाची सबब सांगणाऱ्या घरांनी ही तरतूद दोनदा वाचावी.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, व तीत शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिपच्या योजनेतून शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची प्रतिपूर्ती होते. अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि इतर मागास वर्ग यांच्यासाठीही आपापल्या विभागांच्या योजना आहेत.

राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्यांच्याकडे पालकांचे लक्ष फार कमी जाते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि शाहू महाराज योजनेचा लाभ घेत असतानाही तो मागता येतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि इतर मागास वर्ग, विमुक्त व भटक्या जमाती यांच्या विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना लागू आहे.

आता या सर्वांवर परिणाम करणारी एक अट ठळकपणे सांगितली पाहिजे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासकीय शुल्कसवलत हवी असेल, तर प्रवेश केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशास ही सवलत मिळत नाही. हव्या त्या महाविद्यालयात 'जागा मिळवून देतो' असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या भरवशावर जो पालक केंद्रीय फेरीतील जागा सोडतो, तो जास्तीची रक्कम तर भरतोच, पण चार वर्षांच्या सवलतीवरही पाणी सोडतो. हा निर्णय घाईत कधीही करू नये.

कागदपत्रे आणि कालमर्यादा

पेरणीच्या आधी मशागत झालेली नसेल तर उत्तम पाऊसही वाया जातो, तशीच शिष्यवृत्तीची गोष्ट आहे. दाखले हाताशी नसतील तर पात्रता असून उपयोग नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तेथे जातीचे प्रमाणपत्र, जातवैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, शिधापत्रिका, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि शिक्षणात खंड पडला असल्यास तत्संबंधी प्रतिज्ञापत्र, इतक्या कागदपत्रांची एक स्वतंत्र फाइल घरात असावी. यांपैकी जातवैधता प्रमाणपत्रास सर्वांत अधिक काळ लागतो, कारण २००१ च्या अधिनियमान्वये जात पडताळणी समितीला पूर्वजांच्या जुन्या नोंदी तपासाव्या लागतात. म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांचा व महसुली दफ्तरातील नोंदींचा शोध मूल अकरावीत असतानाच सुरू करावा.

उत्पन्नाच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठीच्या उत्पन्नाच्या कसोटीत वेतन व शेतीचे उत्पन्न धरीत नाहीत. परंतु शिष्यवृत्तीसाठी जो उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यात आईवडिलांचे सर्व मार्गांचे उत्पन्न येते. दोन्ही ठिकाणी आठ लाख हाच आकडा असल्यामुळे, एक प्रमाणपत्र मिळाले म्हणजे दुसरीकडेही आपण पात्र ठरलो, असे लोक समजतात, तसे नाही. आणि उत्पन्न खोटे दाखवून मिळविलेला दाखला हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यामुळे एखाद्या खरोखर गरजू विद्यार्थ्याचा घास काढून घेतला जातो, हेही विसरू नये.

सर्व कागदपत्रांवर विद्यार्थ्याचे, वडिलांचे व आईचे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हे बारकाईने पाहावे. साहाय्याची रक्कम आधारशी जोडलेल्या बँकखात्यात जमा होते. म्हणून विद्यार्थ्याचे स्वतःच्या नावाचे खाते असावे आणि ते चालू स्थितीत आहे याची बँकेत जाऊन खात्री करून घ्यावी. अर्ज भरल्यावर तो प्रथम महाविद्यालयाच्या कार्यालयात व नंतर संबंधित विभागाकडे तपासला जातो. त्रुटी आढळल्यास तो परत पाठविला जातो, आणि ही गोष्ट संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून दर आठवड्यास अर्जाची स्थिती पाहण्याचा शिरस्ता ठेवावा, महाविद्यालयातील शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या कारकुनाची भेट घ्यावी, आणि सवलतीची रक्कम शासनाकडून येईपर्यंत फी भरण्याची सक्ती होणार की नाही, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे. दाखला देण्यास कार्यालयाकडून अकारण विलंब होत असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा व अपील करण्याचा अधिकार नागरिकास आहे. बहुतेक योजनांचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते, आणि उपस्थिती व उत्तीर्णता यांच्या अटी त्यास असतात, ही गोष्ट विद्यार्थ्याच्याही कानावर घालावी.

केंद्राच्या योजना आणि विश्वस्त संस्था

बारावीला आपल्या मंडळाच्या परीक्षेत ऐंशी शततमकाच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यास केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळू शकते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत ती वर्षाला १२,००० रुपये असते. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करावयाचा असतो. खाजगी दातृत्वाची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींच्या निवासाची व्यवस्था करीत आली आहे, आणि १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. याशिवाय आपल्या जिल्ह्यातील ज्ञातिसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने आणि माजी विद्यार्थ्यांची मंडळे यांचे लहानमोठे निधी असतात, आणि विद्यापीठांतून कमवा व शिका योजनाही चालते. गोव्यातील पालकांनी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

कर्ज काढताना

एवढे करूनही तूट राहिली, तर शैक्षणिक कर्ज घेण्यात कमीपणा नाही. मात्र ते राष्ट्रीयीकृत बँकेकडून आणि पूर्ण हिशेब करून घ्यावे. सामान्यतः साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास बँका तारण मागत नाहीत, परंतु आई किंवा वडील सहकर्जदार असतात, आणि फेडीची जबाबदारी त्यांच्यावरही येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेखाली देशातील निवडक दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळविणाऱ्यांना तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास आणि दुसऱ्या योजनेचा लाभ घेतलेला नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या सवलतीच्या काळात, तीन टक्के व्याजसाहाय्य मिळू शकते. साडेचार लाखांच्या आतील कुटुंबांसाठी, मान्यताप्राप्त संस्थांतील व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांकरिता, त्या काळातील संपूर्ण व्याज शासनाने भरण्याची योजनाही आहे.

शिक्षण संपल्यानंतर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, यावरून त्या काळात व्याजही लागत नाही, असा समज करून घेऊ नये. दर वर्षी आरंभी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख उचलले, व्याजदर दहा टक्के सरळव्याजाचा धरला, आणि पाच वर्षांनी फेड सुरू झाली, तर तोवर १,४०,००० रुपये व्याज चढून बाकी ५,४०,००० झालेली असते. ती दहा वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे ७,१४० रुपये येतो, आणि पंधरा वर्षांत फेडल्यास सुमारे ५,८००. परंतु दहा वर्षांत एकूण ८,५६,००० द्यावे लागतात, तर पंधरा वर्षांत १०,४५,०००. लहान हप्त्याचा मोह किती महाग पडतो, ते यावरून दिसेल. ज्यांना शक्य असेल त्यांनी शिक्षण चालू असतानाच निदान व्याज भरत जावे. आयकराच्या जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यास अशा कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, हेही ध्यानात असावे.

मुलाशी बोलणे

शेवटची सूचना कागदपत्रांविषयी नसून घरातील संवादाविषयी आहे. आपल्या कुटुंबांत पैशाच्या अडचणी मुलांपासून लपविण्याची चाल आहे. तिच्यामागे मायाच असते. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला घरचा जमाखर्च न सांगणे म्हणजे तिच्या आयुष्यातील पहिल्या मोठ्या निर्णयाचा आधारच तिच्यापासून दूर ठेवणे होय. किती रक्कम घरातून देता येईल, किती साहाय्यातून मिळण्यासारखी आहे, आणि किती कर्ज तिच्या नावावर राहील, हे तीन आकडे प्रवेशाचे पर्याय भरण्यापूर्वी तिच्यासमोर मांडावेत. अर्ज तिनेच भरावा, दाखल्यासाठी तहसील कार्यालयात तिने सोबत यावे, कर्जाच्या अटी तिने स्वतः वाचाव्यात. असे केल्याने मूल खचत नाही. उलट शिक्षणाची किंमत जाणून ते अधिक जबाबदारीने अभ्यास करते.

योजनांच्या रकमा व मर्यादा शासननिर्णयांनी बदलत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाचा शासननिर्णय स्वतः वाचावा, अथवा महाविद्यालयाकडून तो समजावून घ्यावा. आणि ज्या पालकांना ही माहिती झाली आहे, त्यांनी ती आपल्या वस्तीतील, गावातील, कामावरील निदान एका अशा कुटुंबापर्यंत पोहोचवावी, की ज्या घरात महाविद्यालयात जाणारे ते पहिलेच मूल आहे.